शेवटच्या गोळीची तारीख

वाचकांचे प्रश्न : आतड्यांचा जुनाट दाह आणि स्टेरॉइड

या अंकासाठी आलेली बरीच पत्रे सांगली आणि सातारा जिल्ह्यांतली आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकात एकच गोळी आहे : प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. कुणाला ती सुटत नाही, कुणी ती एका दिवसात सोडली, कुणाच्या घरात ती पुडीतून निनावी आली. खालची उत्तरे अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याच्या अस्तराचा दाह) आणि क्रोन्स (आतड्याच्या कुठल्याही भागात होणारा दाह) या दोन आजारांपुरती आहेत. नुसते गॅस, मुरडा किंवा 'आयबीएस' (दाह नसताना पोट बिघडत राहणे) असेल तर स्टेरॉइडचे तिथे कामच नाही.

प्रश्न : वय २९. अल्सरेटिव्ह कोलायटिसचं निदान तीन वर्षांपूर्वी झालं. मेसालामीन (आतड्याचा दाह आटोक्यात ठेवणारं औषध) चालू आहे. रक्त पडायला लागलं की ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सुरू होतं आणि आठवड्यात सगळं थांबतं. डोस उतरवत १० च्या खाली गेलो की पुन्हा आव-रक्त. गेले १४ महिने १० ते २० च्या मध्येच अडकलोय. १० वर मी ठीक असतो, कामावर जातो. मग हीच गोळी कायम घेतली तर काय बिघडलं?
— एक वाचक, विटा

उत्तर : तुमच्या अवस्थेला वैद्यकात नाव आहे : स्टेरॉइडवर अवलंबून असलेला आजार. सुरू केल्यापासून तीन महिन्यांत डोस १० मिलिग्रॅमच्या खाली नेता येत नसेल, किंवा बंद केल्यावर तीन महिन्यांच्या आत आजार उलटत असेल, तर ही व्याख्या लागू होते. तुम्हाला चौदा महिने झाले. म्हणजे उपचार बदलायची वेळ जवळजवळ वर्षभरापूर्वीच येऊन गेली.

१० वर बरे वाटते हे खरे आहे, पण बरे वाटणे आणि आतडे बरे होणे यांत अंतर आहे. स्टेरॉइड दाह पेटता ठेवणाऱ्या रसायनांचे उत्पादन पेशीतच दाबतो, म्हणून कळ, रक्त आणि ताप झपाट्याने उतरतात. अस्तरावरचे व्रण भरून येणे ही निराळी गोष्ट. क्रोन्सच्या रुग्णांवरचा एक फ्रेंच अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सात आठवड्यांत ९२ टक्के रुग्णांची लक्षणे गेली, पण या बऱ्या वाटणाऱ्यांपैकी दुर्बिणीतून अस्तरही बरे दिसले ते फक्त २९ टक्क्यांचे.

कमी डोस कायम ठेवून आजार उलटणे टळते का, हे अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये १९६५ सालीच तपासून झाले आहे. रोज १५ मिलिग्रॅम घेणारे आणि औषध नसलेली गोळी घेणारे, दोन्ही गटांत आजार उलटण्यात फरक पडला नाही. तुम्ही तर त्याहून कमी, १० च्या डोसवर भिस्त ठेवून आहात. त्या आधी, १९५५ मध्ये, ऑक्सफर्डचे डॉक्टर ट्रूलव्ह आणि विट्स यांनी कॉर्टिझोन या स्टेरॉइडचा जो उपयोग सिद्ध केला तो भडका शमवण्यापुरता होता : सहा आठवड्यांत ४१ टक्के रुग्ण शांत झाले, औषधाविना १६ टक्के. या औषधाचे बलस्थान तेव्हा जे ठरले तेच आजही आहे. आणि तिथेही मर्यादा आहे. अमेरिकेतल्या ओल्मस्टेड काउंटीतल्या रुग्णांचा अभ्यास २००१ मध्ये आला. त्यात स्टेरॉइड सुरू केल्यानंतर वर्षभराने अल्सरेटिव्ह कोलायटिसचे ४९ टक्के रुग्ण टिकून बरे होते, २२ टक्के स्टेरॉइडवर अवलंबून होते आणि २९ टक्क्यांची शस्त्रक्रिया झाली होती.

पुढचे औषध मागण्याआधी मात्र घरातल्या चार गोष्टी तपासा, कारण यातले काहीतरी अनेकदा आपणच चुकवत असतो. मेसालामीन किती घेता? भडक्यात दिवसाला २.४ ते ४.८ ग्रॅम लागते; १.२ ग्रॅमवर वर्षानुवर्षे राहिलेले लोक पुष्कळ आहेत. दुसरे, औषध खालून घेता का? आजार गुदाशयापुरता असेल तर रात्री १ ग्रॅमची सपोझिटरी, डाव्या बाजूला वर चढलेला असेल तर झोपताना एनिमा. संकोचापोटी नेमके हेच गाळले जाते, आणि तोंडाच्या गोळीची ताकद शेवटच्या वीतभर आतड्यात कमी पडते. तिसरे, पाठदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतले होते का? त्यांनी भडका उठू शकतो. चौथे, प्रत्येक वेळी आजारच उलटला असे गृहीत धरू नका : शौचाची तपासणी करून क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जिवाणू किंवा अमीबा यांचा संसर्ग नाही ना हे पाहावे लागते. स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या आतड्यात सीएमव्ही या विषाणूचाही शोध घ्यायचा असतो, त्यासाठी बायप्सीच लागते.

डोस कसा दिला गेला हेही पाहा. १९६२ मध्ये २०, ४० आणि ६० मिलिग्रॅमची तुलना झाली. २० पेक्षा ४० चांगले, पण ६० ने फायदा वाढला नाही, त्रास वाढला. म्हणून साधारण ४० ने सुरुवात, सगळा डोस सकाळी न्याहारीनंतर एकदाच (रात्री घेतला तर झोप उडते), आणि उतार लागल्यावर दर आठवड्याला ५ मिलिग्रॅम कमी. ४० पासून ५ पर्यंत आठ आठवडे, एकूण १२६० मिलिग्रॅम, म्हणजे १० च्या १२६ गोळ्या. हा आकडा ध्यानात ठेवा. चिठ्ठी जुनी आणि गोळ्या १२६ च्या पुढे जात असतील, तर मेडिकलवाला देतो म्हणून घ्यायच्या नसतात. एका वर्षात असा दुसरा कोर्स लागला तरी उपचाराची दिशा बदलावी असा संकेत आहे.

आता पुढचे. अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे, बरीच वर्षे वापरात असलेले औषध. वजनाच्या किलोमागे २ ते २.५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोला १२० ते १५०. त्याचा परिणाम दिसायला सुमारे तीन महिने लागतात, म्हणून ते स्टेरॉइड चालू असतानाच सुरू करून मग स्टेरॉइड उतरवायचे असते. बरेच जण महिनाभरात 'लागू पडत नाही' म्हणून सोडून देतात आणि तिथेच सगळे वाया जाते. सुरू करण्याआधी एनयूडीटी१५ ही जनुकीय तपासणी करता आली तर करावी. आशियाई लोकांत या जनुकातला दोष आढळतो, आणि तो असेल तर या औषधाने पांढऱ्या पेशी धोकादायक घसरतात. दोन आठवड्यांनी, चार आठवड्यांनी आणि पुढे दर तीन महिन्यांनी रक्तपेशी मोजायच्या. केस अचानक मूठमूठ गळू लागले तर त्याच दिवशी पांढऱ्या पेशी तपासा. युरिक अॅसिडसाठी अॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट चालू असेल तर आधी सांगा, एकत्र घेतले तर अस्थिमज्जा दबते.

याने भागले नाही तर इन्फ्लिक्सिमॅब, अॅडालिमुमॅब, वेडोलिझुमॅब ही इंजेक्शने किंवा टोफासिटिनिबची गोळी. भारतीय कंपन्यांचे पर्याय आल्यापासून खर्च उतरला आहे, तरी थोडका नाही. शासकीय योजनेत काय बसते ते उपचार ठरवतानाच विचारा. आणि मोठे आतडे काढणे हा अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये पराभव मानू नये. वर्षानुवर्षे २० मिलिग्रॅमवर झिजण्यापेक्षा तो कितीदा तरी बरा सौदा ठरतो.

प्रश्न : धाकटा भाऊ मिरजेत अॅडमिट आहे. दिवसाला दहा-बारा वेळा रक्ताचे संडास. शिरेतून स्टेरॉइड चालू आहे. तिसऱ्याच दिवशी डॉक्टर म्हणाले, उतार नाही, दुसरं इंजेक्शन देऊ, नाहीतर आतडं काढावं लागेल. घरचे म्हणतात, आणखी आठ दिवस हेच द्या. घाई होतेय का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : नाही. तिसरा दिवस मनाने काढलेला नाही. दिवसाला सहा किंवा जास्त रक्ताचे जुलाब, आणि त्यासोबत नाडी ९० च्या वर, ताप १०० फॅरनहाइटच्या वर, हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली किंवा ईएसआर (रक्तातून दाह दाखवणारी तपासणी) ३० च्या वर, यांतले एकही असले तर हा तीव्र झटका. हायड्रोकॉर्टिझोन १०० मिलिग्रॅम दर सहा तासांनी देतात, आणि तिसऱ्या दिवशी हिशेब होतो : जुलाब अजून आठापेक्षा जास्त, किंवा तीन ते आठ असून सीआरपी (दाह मोजणारी दुसरी रक्ततपासणी) ४५ च्या वर असेल, तर अशा दहांपैकी आठ-नऊ रुग्णांचे आतडे त्याच मुक्कामात काढावे लागल्याचे ऑक्सफर्डच्या १९९६ च्या पाहणीत दिसले. ही पाहणी इन्फ्लिक्सिमॅबच्या आधीची आहे. त्या औषधाने किंवा सायक्लोस्पोरिनने आज बऱ्याच जणांचे आतडे वाचते, पण ते वेळेत दिले तरच.

आठ दिवस थांबण्यात नेमके काय जाते? आतडे फुगून फाटू शकते, प्रथिने उतरतात, स्टेरॉइडने जखम भरण्याची ताकद घटते आणि मग तीच शस्त्रक्रिया वाईट अवस्थेत करावी लागते. एक्स-रेमध्ये मोठे आतडे साधारण ६ सेंटिमीटरच्या वर रुंद दिसले तर क्षणभर थांबता येत नाही.

तुम्ही दोन गोष्टींवर नजर ठेवा. जुलाब थांबवायची लोपेरामाइडसारखी गोळी किंवा कोडीन-ट्रामाडॉलसारखे दुखणे मारणारे औषध कुणी प्रेमाने देऊ नये, आतडे फुगते. आणि रक्त पडत असताना पोटात रक्त पातळ करणारे हेपॅरिनचे इंजेक्शन का, म्हणून नर्सशी वाद घालू नका. या झटक्यात पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका मोठा असतो, इंजेक्शन त्यासाठीच असते.

प्रश्न : आईला (५२) चार महिने प्रेडनिसोलोन चालू होतं. शुगर २८० आली म्हणून तिने परवा स्वतःच बंद केलं. आता उलट्या, ताकद नाही, उठलं की चक्कर.
— एक वाचक, वाई

उत्तर : हे वाचत असाल तर थांबू नका, आजच दवाखान्यात न्या आणि दारातच सांगा : चार महिने स्टेरॉइड घेतला, परवा अचानक बंद केला. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी रोज शरीराला लागणारा स्टेरॉइड बनवतात. बाहेरून तीन आठवड्यांपेक्षा जास्त गोळी घेतली की त्या झोपी जातात. ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे अंदाजे शरीराच्या स्वतःच्या रोजच्या गरजेइतके. ते अचानक काढले की रक्तदाब कोसळतो, साखर आणि सोडियम घसरू शकतात. उपचार म्हणजे सलाइन आणि हायड्रोकॉर्टिझोन १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन, तेही तातडीने.

यानंतर उतरवताना १० पर्यंत आठवड्याला ५ चा वेग चालतो, त्याखाली २.५ च्या टप्प्यांनी. शंका असेल तर सकाळी आठच्या सुमारास, आदल्या दिवशीच्या गोळीनंतर २४ तासांनी, रक्तातील कॉर्टिझॉल पाहतात. ग्रंथी जागी व्हायला काही महिने जाऊ शकतात. तोवर तापात, अपघातात किंवा शस्त्रक्रियेत वाढीव स्टेरॉइड लागतो, म्हणून पाकिटात चिठ्ठी ठेवा.

शुगरची भीती रास्त आहे. पण सकाळच्या गोळीने साखर दुपारी-संध्याकाळी चढते आणि उपाशीपोटीची नॉर्मल येऊ शकते. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि संध्याकाळी जेवणाआधी मोजा, नुसत्या सकाळच्या आकड्यावर जाऊ नका.

प्रश्न : दुर्बिणीत लहान आतड्याच्या शेवटी आणि सीकममध्ये (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला) व्रण दिसले. रिपोर्टमध्ये 'क्रोन्स किंवा टीबी' असं लिहिलंय. एक डॉक्टर स्टेरॉइड सुरू करा म्हणतात, दुसरे टीबीच्या गोळ्या. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : निदान पक्के होईपर्यंत स्टेरॉइडला हात न लावणाऱ्यांचे. यात गोष्ट सरळ आहे : क्रोन्स असताना दोन महिने टीबीची औषधे घेतली तर वेळ जातो, टीबी असताना स्टेरॉइड घेतला तर जीव जाऊ शकतो. त्याहून वाईट म्हणजे टीबीतही स्टेरॉइडने चार दिवस छान वाटते, ताप उतरतो, भूक लागते, आणि मग जंतू पसरतात.

टीबीकडे कल झुकतो तो आडव्या, अंगठीसारख्या व्रणांनी, लहान-मोठ्या आतड्यांमधल्या उघड्या राहिलेल्या झडपेने, पोटातल्या पाण्याने, मध्ये पोकळ झालेल्या मोठ्या गाठींनी, छातीच्या एक्स-रेतल्या डागांनी. लांब उभे व्रण, मधल्या सुदृढ भागासह विखुरलेली बाधा, गुदद्वाराजवळचा भगेंद्र क्रोन्सकडे बोट दाखवतात. व्रणाच्या कडेचे आणि तळाचे सहा-आठ तुकडे काढून त्यांतले काही टीबीच्या सीबीनॅट (जंतूचे जनुक शोधणारी तपासणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी) पाठवा. फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेल्या तुकड्याचे कल्चर होत नाही. ते सलाइनमध्ये वेगळे जायला हवेत, हे आधीच सांगून ठेवा. आणि तपासणी निगेटिव्ह आली म्हणजे टीबी नाही असे नव्हे. जंतू आतड्यात तुरळक असतात, निम्म्याहून अधिक वेळा सापडत नाहीत.

तरीही ठरत नसेल, तर टीबीची औषधे सुरू करून दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण. व्रण भरले असतील तर टीबी, आणि सहा महिने पूर्ण करायचे. भरले नसतील तर पुढचा प्रवास क्रोन्सच्या बाजूने, आणि औषधे रेटत राहू नयेत, कारण उशिराने आतडे अरुंद होते. 'आता बरं वाटतंय' यावर निर्णय नको, व्रण पाहूनच. टीबीची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

भगेंद्रावर किंवा आतल्या पुवाच्या गाठीवर स्टेरॉइड देऊन संसर्ग पेटतो. आधी पू काढायचा. आणि जुन्या दाहाने आतडे तंतूंनी घट्ट, अरुंद झाले असेल तर तिथे स्टेरॉइडने काहीच सुटत नाही.

प्रश्न : नातेवाईकांच्या शिफारशीने पुड्या आणल्या. आठ दिवसांत रक्त बंद, भूक वाढली, चेहरा भरला. आता पुड्या संपल्या की दुप्पट रक्त. हे कसलं औषध?
— एक वाचक, कोरेगाव

उत्तर : चेहरा गोल होणे, भूक अचानक वाढणे, आठ दिवसांत झालेला चमत्कार आणि पुडी थांबताच उलटणे, हे सगळे एकत्र आले की पुडीत स्टेरॉइड मिसळल्याचा दाट संशय घ्यावा. पुड्या अचानक बंद करू नका, वाईच्या पत्रातली अवस्था होईल. उरलेल्या पुड्या घेऊन डॉक्टरांकडे जा, किती दिवस दिवसाला किती घेतल्या ते सांगा. त्यावरून मापात प्रेडनिसोलोन देऊन मग उतरवता येईल. पहिला खर्च दुर्बिणीवर करा. रक्त म्हणजे मूळव्याध असे मानून वर्ष काढलेले लोकही याच रांगेत असतात.

प्रश्न : बुडेसोनाइड दिलंय. 'स्टेरॉइड असूनही दुष्परिणाम नाहीत' हे खरं का?
— एक वाचक, कराड

उत्तर : अर्धे खरे. आतड्यातून शोषले गेलेले बुडेसोनाइड यकृतातून जाताना सुमारे ९० टक्के निष्प्रभ होते, म्हणून अंगभर परिणाम कमी. लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाच्या सौम्य-मध्यम क्रोन्ससाठी ९ मिलिग्रॅम सकाळी, आठ आठवडे. मोठ्या आतड्यासाठी एमएमएक्स हे वेगळे बनवलेले रूप. कॅप्सूल फोडून किंवा गोळी चावून घेतली तर औषध वाटेतच सुटते. यकृताचा आजार असेल, किंवा इट्राकोनॅझोल-कीटोकोनॅझोल चालू असेल, तर ती सोय जाते आणि ते साध्या स्टेरॉइडसारखे वागते. आजार उलटू नये म्हणून कायम घ्यायचे औषध हेही नाही.

प्रश्न : आमच्या घरात हळदीचा व्यापार. हळदीने कोलायटिस बरा होतो म्हणतात. मग स्टेरॉइड कशाला?
— एक वाचक, सांगली

उत्तर : हळदीतल्या कर्क्युमिनचा एक अभ्यास जरूर लक्ष वेधतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या छोट्या अभ्यासात सौम्य-मध्यम अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मेसालामीनसोबत रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन दिले आणि निम्म्याहून अधिक रुग्ण महिन्याभरात शांत झाले. पण भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीच्या उत्तम हळदीतही कर्क्युमिन शेकड्याला थोडेच. तीन टक्के धरले तर ३ ग्रॅमला रोज १०० ग्रॅम हळद. आमटीत ती जात नाही. कॅप्सूलच घ्यायच्या तर त्या जोडीला, डॉक्टरांना सांगून. काळ्या मिरीच्या अर्काने शोषण वाढवलेल्या प्रकारांनी काहींच्या यकृताला इजा झालेली आहे. भडका तीव्र असताना हळदीवर वाट पाहण्यात शहाणपण नाही.

प्रश्न : वय ३४. क्रोन्ससाठी दोन वर्षांत पाच-सहा कोर्स झाले. उजव्या जांघेत दुखतं, मांडी घालून बसता येत नाही. एक्स-रे नॉर्मल आहे, म्हणून वात आहे म्हणतात.
— एक वाचक, शिराळा

उत्तर : स्टेरॉइडने खुब्याच्या सांध्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, आणि सुरुवातीचे काही महिने एक्स-रे स्वच्छ दिसतो. दोन्ही खुब्यांचा एमआरआय या आठवड्यातच करा, हा त्रास दुसऱ्या बाजूलाही असू शकतो, दुखत नसला तरी. हाड खचण्याआधी कळले तर सांधा वाचवण्याचे उपाय उरतात; तोवर जड ओझे आणि उड्या बंद. उरलेली हाडेही पाहून घ्या : डेक्सा (हाडांची घनता मोजणारी) तपासणी, रोज आहारातून आणि गोळीतून मिळून १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम, ड जीवनसत्त्व ८०० युनिट. डोळ्यांची तपासणीही राहिली असेल, मोतीबिंदू आणि काचबिंदूसाठी. आणि सातवा कोर्स सुरू करण्याआधी त्याच भेटीत विचारा : याची शेवटची गोळी कोणत्या तारखेला, आणि दुसऱ्या दिवसापासून कोणते औषध?